नाक चोंदलं की कानात कुंई वाजतं, गोळीमुळे का ॲलर्जीमुळे?

गाजरगवतग्रस्त:
पाऊस ओसरला की दरवर्षी माझं सुरू होतं, शिंका, डोळ्यांना खाज, नाक बंद. सोसायटीमागच्या प्लॉटवर गाजरगवत कमरेएवढं माजलंय. यंदा नवीन म्हणजे दोन्ही कानांत दडे बसलेत आणि रात्री पंखा बंद केला की बारीक कुंईईई, रातकिडा आत शिरल्यासारखं. मेडिकलवाल्याने दिलेली गोळी घेतोय, पाकिटावर सेट्रिझिन, फिनाइलएफ्रिन, पॅरासिटामॉल लिहिलंय, शिवाय नाकात झायलोमेटाझोलिनचे थेंब, १२-१३ दिवस झाले, त्याशिवाय झोपच येत नाही.

कानसेन:
आवंढा गिळला की कानात टक् होतं का? होत असेल तर बहुतेक नळीचा घोळ. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत बारीक नळी असते, ॲलर्जीत ती सुजते, हवा नीट जात नाही, पडदा आत ओढला जातो. बाहेरचं कमी ऐकू येतं म्हणून आतला आवाज मोठा वाटतो. पण कधीकधी नुसता मळही असतो हां, माझा तोच निघाला, महिनाभर उगाच गूगल करत बसलेलो.

पुणेरी_शिंक:
ते थेंब आधी बंद करा राव! ३ ते ५ दिवसांच्या वर टाकले की औषध उतरल्यावर नाक उलट जास्त चोंदतं, मग परत थेंब, मी दोन महिने त्या चक्रात होते. ईएनटीने स्टिरॉइड स्प्रे दिला, त्याला गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागले. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला, हे तिथल्या सिस्टरने करून दाखवलं, तोवर मी सगळं घशात पाठवत होते.

बीपीवाला:
बीपी मोजलंय का? फिनाइलएफ्रिनसारख्या औषधांनी काहींचं वाढतं, धडधड होते, झोप उडते, आणि झोप नसली की कुंई डोक्यातच जाते. सोबत ॲस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरला तेही सांगा, जास्त डोसला कान वाजतात. आणि एकाच कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर सर्दी म्हणून थांबू नका, त्याच दिवशी ईएनटी गाठा.

गाजरगवतग्रस्त:
टक् होतंय! बीपी १४८/९४ निघालं, आयुष्यात पहिल्यांदा. गोळी आजपासून बंद, उद्याची ईएनटीची अपॉइंटमेंट घेतलीये. थेंबांच्या खोक्यावर दिवसांचं लिहिलेलं आहे खरं, पण इतकं बारीक की मुलीकडून वाचून घेतलं.