चेस्टनटची डहाळी आणि सामान्यांचे डोळे
हौशी लोकांनी गोळा केलेले नमुने वृक्षांच्या जनुकीय संशोधनात निरुपयोगी ठरतात, हे मत मला पटत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९०४ साली आढळलेल्या बुरशीने अमेरिकन चेस्टनट या वृक्षाची अब्जावधी झाडे मारली. मुळांना मात्र आजही फुटवे येतात, आणि त्यांतला एखादा फुलोऱ्यापर्यंत पोचला, तर तो बहुधा रानात भटकणाऱ्या सामान्य माणसालाच दिसतो. तो माणूस पानांसह डहाळी अमेरिकन चेस्टनट फाउंडेशन या वृक्षाला पुन्हा उभारी देऊ पाहणाऱ्या संस्थेकडे पाठवतो. तिथे पानाची खालची बाजू लवदार आढळली, तर झाड चिनी चेस्टनट किंवा संकरित असल्याची शंका घेतली जाते, म्हणजे चुकीचा नमुना आरंभीच गाळता येतो. स्थानिक वाणांची विविधता जपणारे हे काम मला फार मोलाचे वाटते. अशा झाडांच्या मादीफुलांवर उन्हाळ्यात स्वयंसेवक पिशव्या बांधतात, म्हणजे इतर पराग लागत नाहीत, आणि निवडलेलेच पराग हाताने लावतात.