हदीस ‘सहीह’ आहे एवढे कळल्यावर पुढे काय?

नवा_वाचक_सातारा

अस्सलामु अलैकुम. मी गेल्या वर्षी इस्लाम स्वीकारला. घरात मी एकटाच मुस्लिम आहे. मशिदीतील बयान उर्दूत असते आणि ते मला अर्धेमुर्धेच समजते, म्हणून मी मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या व आचरणाच्या नोंदी, वाचतो. तेथे प्रत्येक हदीसखाली ‘सहीह’, ‘हसन’ (त्याखालचा, पण स्वीकारार्ह दर्जा) किंवा ‘जईफ’ (कमकुवत) असा शेरा असतो. ‘सहीह’ असे दिसले की ती गोष्ट मला जशीच्या तशी लागू आहे, असे समजावे का?

विचारण्याचे कारण असे की, मध्यंतरी माझी आजी वारली आणि घरात साहजिकच रडारड झाली. त्याच सुमारास ‘घरच्यांच्या रडण्यामुळे मृताला यातना होतात’ ही हदीस वाचनात आली. ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तेव्हापासून आईला काय सांगावे हे मला कळत नाही. शिवाय ‘सर्वांत श्रेष्ठ कर्म कोणते’ या प्रश्नाला एका हदीसमध्ये वेळेवर नमाज हे उत्तर आहे, तर दुसरीत अल्लाह व प्रेषितांवर ईमान (श्रद्धा). यांतले कोणते उत्तर खरे मानायचे? आणि हे संग्रह प्रेषितांनंतर दोनशे वर्षांनी लिहिले गेले, असे एका मित्राने सुनावले, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

तालिब_मराठवाडा

वअलैकुम अस्सलाम. तुमच्या प्रश्नात खरे तर दोन वेगळे प्रश्न आहेत: हे वचन प्रेषितांपर्यंत (स.) पोहोचते का, आणि पोहोचत असेल तर त्याचा अर्थ काय व ते कोणाला, केव्हा लागू होते. अ‍ॅपमधला शेरा फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. ‘सहीह’ याचा अर्थ सनद, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकले ती साखळी, कोठेही तुटलेली नाही, तिच्यातील प्रत्येक रावी (हदीस पुढे सांगणारा) सचोटीचा व पक्क्या स्मरणाचा आहे, त्याचे कथन अधिक भरवशाच्या रावींच्या विरोधात जात नाही आणि त्यात एखादा छुपा दोषही सापडलेला नाही. येथे रावींची संख्या निर्णायक नसते. बुखारींच्या संग्रहातील पहिलीच हदीस, ‘कर्मे हेतूंवर अवलंबून असतात’, हजरत उमर (र.) यांच्यापासून चार पिढ्या एकेकाच रावीकडून आलेली आहे आणि तरीही ती सहीह आहे.

आता तुमच्या आजीसंबंधीच्या हदीसकडे येतो. ही हदीस प्रेषितांचे सहकारी हजरत उमर आणि त्यांचे पुत्र अब्दुल्लाह इब्न उमर यांच्याकडून आली आहे. ती प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा (र.) यांच्या कानावर गेली तेव्हा त्या म्हणाल्या की, सांगणारा खोटे बोललेला नाही, पण तो विसरला किंवा चुकला, एका यहुदी स्त्रीसाठी तिचे लोक रडत होते आणि तिला कबरीत यातना होत आहेत, असे प्रेषित त्या स्त्रीबद्दल म्हणाले होते. याला आधार म्हणून त्यांनी कुरआनची आयत पुढे ठेवली, की कोणीही दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही. लक्षात घ्या, ही हरकत बाहेरच्या कोणा टीकाकाराने घेतलेली नाही. ती प्रेषितांच्या घरातून आली आणि त्याच संग्रहांत जपली गेली. पुढे स्वतः बुखारींनी प्रकरणाच्या मथळ्यातच असा मेळ घातला की, आक्रोश करणे ही ज्याची स्वतःची रीत होती, त्याच्याबद्दल हे वचन आहे. इतर काहींच्या मते, आपल्या मागे तसा आक्रोश करावा असे जो सांगून गेला, त्याला ते लागू होते. प्रेषितांचा लहानगा मुलगा इब्राहीम शेवटचे श्वास घेत होता तेव्हा त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी आले. डोळे वाहतात, मन दुःखी होते, पण आपल्या पालनकर्त्याला आवडेल तेच आम्ही बोलतो, असे ते म्हणाले. तेव्हा मनाई आहे ती ऊर बडवण्याला, कपडे फाडण्याला, आकांताला. आईच्या डोळ्यांतील पाण्याला नाही, आणि त्या पाण्याचा भार आजीवर पडत नाही.

श्रेष्ठ कर्माबद्दल थोडक्यात: प्रश्न विचारणारे वेगळे होते, त्यांची गरज वेगळी होती, वेळही वेगळी होती, असे उलमा, म्हणजे धर्माचे विद्वान, सांगतात. आणखी एका माणसाला तर ‘लोकांना जेवू घाल आणि ओळखीच्या-अनोळखी सर्वांना सलाम कर’ असे उत्तर मिळाले आहे. म्हणून कोणतीही हदीस वाचताना त्याच विषयावरच्या बाकीच्या हदीसही शेजारी ठेवाव्या लागतात.

हैदराबादी_मराठी

तुमच्या मित्राच्या मुद्द्यापुरते लिहितो. इमाम बुखारी इ. स. 870 मध्ये वारले हे खरे, पण लिखाणाची सुरुवात त्यांच्यापासून झाली नाही. मदीनेचे इमाम मालिक इ. स. 795 मध्ये वारले आणि त्यांचा ‘मुवत्ता’ आजही उपलब्ध आहे. त्याच्याही आधीची, प्रेषितांचे सहकारी हजरत अबू हुरैरा यांचे शिष्य हम्माम इब्न मुनब्बिह यांची हदीसवही आहे. तिच्या जुन्या प्रती शोधून ती प्रकाशित केली ती आमच्या हैदराबादचे डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी, आणि तिच्यातील वचने इमाम अहमद यांच्या नंतरच्या मोठ्या संग्रहातील वचनांशी जवळजवळ शब्दशः जुळतात. यावरून प्रत्येक हदीस खरी ठरत नाही, हेही तितकेच खरे. ‘चीनला जावे लागले तरी ज्ञान मिळवा’ आणि ‘देशप्रेम हा ईमानचा भाग आहे’ ही आपल्याकडे भाषणांत हमखास येणारी दोन वाक्ये घ्या: दुसऱ्याला प्रेषितांपर्यंत जाणारी सनदच नाही, आणि पहिले इतके कमकुवत आहे की काही मुहद्दिसांनी (हदीसतज्ज्ञांनी) ते रचलेलेच मानले. दोन्ही वाक्यांतला विचार चांगला आहे. पण विचार चांगला आहे म्हणून ते वाक्य प्रेषितांच्या नावावर घालता येत नाही.

रत्नागिरीची_आपा

आमच्या कोकणात बहुतेक मुस्लिम इमाम शाफई यांच्या पंथाचे, म्हणजे शाफई आहेत, घाटावर बहुतेक इमाम अबू हनीफा यांच्या पंथाचे, म्हणजे हनफी. आम्ही नमाजमध्ये रुकूला (कमरेत वाकायला) जाताना आणि उठताना हात उचलतो. हनफी फक्त सुरुवातीला उचलतात. आमच्यामागे इब्न उमर यांची बुखारीतील हदीस आहे, त्यांच्यामागे इब्न मसऊद यांची तिरमिजीतील. दोन्ही इमामांना ही दोन्ही कथने ठाऊक होती. कोणती आधी धरायची यावर त्यांनी आयुष्यभर विचार केला. तुम्ही एका संध्याकाळी मोबाइलवर हा वाद सोडवायला बसू नका. ज्या मशिदीत जाता तेथल्या पद्धतीने नमाज शिका आणि शेजारचा वेगळे करताना दिसला तर त्याला टोकू नका.

सुरुवातीला इमाम नववींचा चाळीस हदीसचा छोटा संग्रह घ्या. त्यात प्रत्यक्षात बेचाळीस आहेत. रोज नवी हदीस उरकण्यापेक्षा एकच टिपणांसह वाचा. अरबस्तानातील नज्द भागाचा एक माणूस पाच नमाज, रमजानचे रोजे आणि जकात यांबद्दल विचारून म्हणाला होता, ‘यात मी काही वाढवणार नाही आणि काही कमीही करणार नाही.’ त्यावर प्रेषित म्हणाले, ‘खरे बोलत असेल तर हा यशस्वी झाला.’ नव्या माणसाने ही हदीस हाताशी ठेवावी, असे मला वाटते.

नवा_वाचक_सातारा

सर्वांचा आभारी आहे. आईशी बोलणे आता सोपे जाईल. एकच शंका उरली. ‘जो ज्या लोकांचे अनुकरण करतो तो त्यांच्यापैकीच’ ही हदीस दाखवून एकाने मला सांगितले की, सणाच्या दिवसांत आईवडिलांकडे जायचेच नाही.

तालिब_मराठवाडा

ही हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. तिच्या सनदीतील एका रावीबद्दल मतभेद आहेत, तरी बऱ्याच उलमांनी ती स्वीकारली आहे. म्हणून ती कमकुवत आहे एवढे म्हणून मी सुटका करून घेणार नाही. मात्र दुसऱ्या धर्माची खास ओळख असलेल्या गोष्टी आपल्याशा करणे, असा तिचा अर्थ बहुतेक भाष्यकार घेतात. आईवडिलांना भेटणे त्यात बसत नाही. प्रेषितांच्या काळातील हजरत अस्मा (र.) यांची आई मुस्लिम नसताना भेटीला आली, तेव्हा तिच्याशी नाते राखावे का, असे अस्मांनी विचारले आणि ‘हो, आईशी नाते राख’ असे उत्तर मिळाले. ही हदीस बुखारी व मुस्लिम दोघांनीही दिली आहे. सूरह लुकमानमध्ये तर, शिर्क (अल्लाहबरोबर दुसऱ्याची पूजा) करायला लावणाऱ्या आईवडिलांचे त्या बाबतीत ऐकू नये, पण जगात त्यांच्याशी चांगले वागावे, असे एकाच आयतीत आले आहे.

पूजेत भाग घेणे किंवा देवापुढे ठेवलेला प्रसाद खाणे हा वेगळा प्रश्न आहे, आणि तेथे उलमा नाहीच म्हणतील. म्हणून स्थानिक आलिमांना (धर्माच्या जाणकारांना) विचारताना ‘सणाला घरी जाऊ का’ एवढेच मोघम विचारू नका. घरी काय काय होते, तुम्ही कशात असता, कशात नसता, आणि तुम्ही गेला नाहीत तर घरच्यांवर काय परिणाम होईल, हे सगळे त्यांना सांगा.