प्लेलिस्टमधल्या करड्या ओळी

गाणी ऐकण्याबद्दल ‘सीडी जाऊन ॲप आलं, बाकी काय बदललं?’ असं एकाने विचारलंय. माझ्या मते मालकीच बदलली. २००३ मध्ये आयट्यून्स स्टोअर हे ॲपलचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान आलं तेव्हा गाणी सुटी विकत मिळायला लागली, पण फाइल निदान आपल्या डिस्कवर असायची. आता ॲपवर आपण नुसते भाडेकरू. माझ्या जुन्या प्लेलिस्टमधली तीन गाणी परवा करडी पडलेली दिसली. दाबलं तर वाजेनात. हक्कांचा करार संपला असणार. कळवायची तसदी कोण घेतो!

दुसरं म्हणजे मोजायची रीत. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं तरच ते ‘ऐकलं’ असं धरतात. मग सुरुवातीला मिनिटभर नुसती वाद्यं कोण वाजवत बसेल? थेट मुखड्यालाच हात. व्हिडिओवाल्यांचीही तीच गत, पहिल्या काही क्षणांत अंगठा सरकला की संपलं.

२००५ मध्ये आलेल्या यूट्यूबने मात्र एक उपकार केला. रेकॉर्ड कंपन्यांनी ज्यांना दारातही उभं केलं नसतं, त्यांना श्रोते मिळाले. पोट भरतं का, ते त्यांनाच विचारा.

मी तर आवडती गाणी पुन्हा विकत घेऊन हार्डडिस्कवर साठवायला लागलोय.