डाव्या बोल्टची मॅग्नम घ्यायची आहे: .३०० विन मॅग, की अजून काही?

डावा_खांदा:

मंडळी, बरेच महिने नुसता वाचक होतो, आज लिहायला बसलो. मी अट्टल डावखुरा. लिहिणं, हातोडी, चेंडू फेकणं, सगळं डाव्याने. डोळाही डावाच चालतो. दोन्ही तळव्यांच्या फटीतून लांबची वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा, ती चाचणी शंका नको म्हणून परत परत केली आहे.

आजवर मित्राच्या उजव्या बोल्टच्या (काडतूस आत-बाहेर करणारा दांडा उजवीकडे असलेल्या) .३०८ वर भागवलं. रायफल डाव्या खांद्याला, गोळी सुटली की डावा हात ग्रिपवरून काढायचा, स्कोपवरून पलीकडे न्यायचा, बोल्ट मागे-पुढे करायचा, परत ग्रिप शोधायची. तेवढ्यात हरीण काय, त्याचं अख्खं कुटुंब रानात शिरतं. वर रिकामी केस, म्हणजे काडतुसाचं कवच, डोळ्यांसमोरून उडते ती वेगळीच.

आता एल्कसाठी (अमेरिकेतलं मोठं हरीण) स्वतःची पहिली रायफल घ्यायची आहे. मुलूख मोकळा, उतार लांबलचक. जास्तीत जास्त ३०० यार्ड. त्यापलीकडे मी गोळी टाकणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर चर्चा हजार यार्डांवर जायला वेळ लागत नाही. मनात .३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम, जास्त ताकदीचं काडतूस) बसली आहे. रायफल टिक्का टी३एक्स लाइट, कारण हलकी आहे आणि चढ मलाच चढायचा आहे. सॅव्हेज ११० आणि ब्राउनिंग एक्स-बोल्टही डोक्यात आहेत. पण जिथे विचारावं तिथे डावी रायफल "मागवावी लागेल". हातात न घेता मागवायची कशी? आणि मुळात डाव्याचा हट्ट धरावा का? ज्यांनी डावी मॅग्नम खरंच वापरली आहे त्यांनी सांगा.

रानवाट:

हट्ट सोडा, उजवी घ्या. निवड भरपूर मिळते, दस्ते भरपूर मिळतात, विकताना गिऱ्हाईकही लगेच मिळतं. माझा धाकटा भाऊ डावखुराच आहे. बायपॉडवर पडून मारतो. डावा हात ग्रिपवरून हलत नाही, बोल्ट उजव्या हाताने ओढतो. आमच्यापेक्षा दुसरी गोळी त्याची लवकर सुटते. .३०० विन मॅग बेस्ट, डोळे मिटून घ्या.

जुनी_नळी:

रानवाट, तुमच्या भावाचं खरं आहे, पण पडून मारतानाच. रायफलचं वजन बायपॉडने तोललेलं असेल तर उजवा हात मोकळा असतो आणि ती युक्ती झकास चालते. एल्क मात्र उतारावर, कंबरभर झुडपात, तुम्ही गुडघ्यावर असताना निघतो. तेव्हा उजवा हात पुढच्या दस्त्याखालून काढला की नळी खाली झुकते आणि प्राणी स्कोपमधून गायब. पहिल्या गोळीला काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो दुसरीला, आणि जखमी जनावराला दुसरी गोळी देता येणं ही चैन नव्हे.

अजून एक गोष्ट कोणी बोलत नाही. डाव्या खांद्यावरून मारताना आपला चेहरा दस्त्याच्या उजव्या अंगाला असतो, म्हणजे उजव्या ॲक्शनच्या (बोल्ट बसतो त्या भागाच्या) उघड्या खिडकीच्या बाजूला, जिथून केस बाहेर पडते. प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) फुटला किंवा केस चिरली तर वायू निघायच्या वाटा बऱ्याच ॲक्शनमध्ये उजव्या खांद्याचा माणूस गृहीत धरून काढलेल्या असतात. असं क्वचित घडतं. पण मॅग्नमचा दाब आणि आपला गाल यांच्यामध्ये जितकं पोलाद असेल तितकं बरं. चष्मा तर लावाच. तेव्हा डावा_खांदा, तुमचा हट्ट बरोबर आहे. स्वतःची पहिली रायफल घेताय, ती आपल्या अंगाची घ्या.

आता कॅलिबर. इथे माझं तुमच्याशी पटत नाही. .३०० विन मॅग (१९६३) चांगलीच आहे, पण तुम्ही ती तीन किलोच्या रायफलीत मागताय. काडतूस तेच ठेवलं तर धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. १८० ग्रेन वजनाची गोळी साडेआठ पाउंडांच्या रायफलीतून मारली तर साधारण २६ ते २८ फूट-पाउंडांचा धक्का बसतो. स्कोपसकट साडेसात पाउंडांच्या रायफलीत तोच तिशीच्या आसपास जातो. तुम्ही .३०८ वरून येताय, म्हणजे जवळजवळ दुप्पट. माणूस डोळे मिटायला लागतो, चाप हिसकायला लागतो आणि दोष स्कोपला देतो.

याच वजनात ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम (१९६२) बघा. १६० ग्रेनची गोळी, धक्का .३०-०६ च्या आसपास. २०० यार्डांवर झिरो केली (स्कोपचा नेम तिथे जुळवला) तर ३०० वर ती आणि .३०० विन मॅग दोघीही साधारण सहा-सात इंचच खाली येतात. ३०० यार्डांच्या आत एल्कला या दोघींतला फरक कळत नाही, तुमच्या खांद्याला कळतो. .३३८ विन मॅग (१९५८) कोणी सुचवली तर हात जोडा आणि पुढे चला. ते काडतूस उत्तम आहे, पण पहिल्या मॅग्नमसाठी नव्हे.

गोळी कोणती यावर मात्र पैसे वाचवू नका. मॅग्नमच्या वेगाला जवळच्या अंतरावर मऊ गोळी वरच्या वर फुटते. जॉन नोस्लरने १९४६ साली हेच भोगलं. .३०० एच अँड एच मॅग्नम हातात, समोर मूस, आणि गोळ्या आतपर्यंत जाईनात. त्यातून मध्ये पडदा असलेली पार्टिशन गोळी निघाली आणि १९४८ मध्ये त्याची कंपनी. पार्टिशन घ्या, बाँडेड (शिसं आवरणाला जोडलेली) घ्या, नाहीतर बार्न्सची सगळी तांब्याची घ्या, पण यांतलीच घ्या.

रायफलीबद्दल. टिक्काचा बोल्ट ७० अंश उचलावा लागतो, एक्स-बोल्टचा ६०, सॅव्हेजचा आणि रेमिंग्टन ७०० चा ९०. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. जाड हातमोजा घालून, मोठ्या आयपीसच्या स्कोपखाली ९० अंशांचा बोल्ट उचलून बघा, बोटं स्कोपला घासतात. सेफ्टीचंही तसंच. सॅव्हेज आणि एक्स-बोल्टची दस्त्याच्या माथ्यावर मधोमध, अंगठ्याखाली, तिला डावं-उजवं नाही. टिक्काची बाजूला असते, डाव्या मॉडेलमध्ये डावीकडे, तीही सोयीची. टिक्काची ॲक्शन सगळ्या कॅलिबरांना एकाच लांबीची आहे, त्यामुळे आखूड मॅग्नम घेऊन ॲक्शनची लांबी वाचवू, असं डोक्यात असेल तर तो फायदा तिथे फारसा मिळत नाही.

आणि स्कोप! डावखुऱ्यांची खरी गोची इथे होते. साइड फोकसची (अंतराप्रमाणे चित्र स्पष्ट करून पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं, घालवायची) घुंडी स्कोपच्या डाव्या अंगाला असते, कारण उजव्या माणसाचा पुढचा हात डावा. आपला पुढचा हात उजवा, म्हणजे घुंडी फिरवायला हात आडवा घालावा लागतो. त्यात डाव्या ॲक्शनची केस त्याच बाजूने उडते. घुंडी जाड असेल आणि स्कोप खाली बसवला असेल तर केस तिच्यावर आपटून परत खिडकीत पडते आणि बोल्ट तिच्यावर अडकतो. ३०० यार्डांपर्यंत साइड फोकस लागतच नाही. साधा ३-९x४० घ्या, पॅरॅलॅक्स कारखान्यातच ठरवलेला. डोळ्यापासूनचं अंतर निदान साडेतीन इंच असू द्या, नाहीतर धक्क्याने स्कोपची कड लागून भुवईवर चंद्रकोर उमटेल.

वाऱ्याची_दिशा:

जुनी_नळींना दुजोरा. फक्त एक भर. जुन्या बाजारात डाव्या बोल्टची रेमिंग्टन ७०० बीडीएल ७ एमएम मॅगमध्ये दिसली तर लगेच उडी मारू नका, आधी दस्ता बघा. कधीकधी कोणीतरी दस्ता बदललेला असतो आणि गालाचा उंचवटा उजव्या माणसासाठी कोरलेला, म्हणजे डाव्या अंगाला असतो. ॲक्शन डावी, दस्ता उजवा. आपला गाल लागतो उजव्या अंगाला, तिथे सपाट. मॅग्नमच्या धक्क्याला असा दस्ता गालफड फोडतो.

आणि .३०-०६ ची डावी रायफल आहे, तीच मॅग्नममध्ये नुसती नळी बदलून करू, असं कोणी म्हटलं तर बोल्ट फेस, म्हणजे काडतुसाचं बूड धरणारं बोल्टचं तोंड, आठवा. .३०-०६ चा बूड ०.४७३ इंच, बेल्टेड (बुडाजवळ पट्टा असलेल्या) मॅग्नमचा ०.५३२. नळीबरोबर बोल्टचंही काम निघतं, मॅगझिनचंही.

डावा_खांदा:

सगळ्यांचे आभार, विशेषतः जुनी_नळी यांचे. साइड फोकसचं डोक्यातच आलं नव्हतं, आवडलेल्या स्कोपला नेमकी तीच घुंडी आहे. ७ एमएमकडे मन वळतंय. दोनच शंका. टिक्का लाइटवर मझल ब्रेक लावला तर .३०० चा धक्का आटोक्यात येईल ना, मग .३०० का नको? आणि ७ एमएममध्ये हल्ली ७ पीआरसीचं नाव ऐकतो, तिचं काय?

जुनी_नळी:

ब्रेक धक्का कमी करतो, वादच नाही. पण तो वायू मागे आणि बाजूला फेकतो, आणि आवाज थेट तुमच्या कानावर, तुमच्या शेजाऱ्याच्या कानावर. रेंजवर कानाला मफ असतात. शिकारीत एल्क अचानक दिसतो तेव्हा मफ गळ्यात असतात. एकदा गेलेलं ऐकू येणं परत मिळत नाही. ब्रेकशिवाय झेपेल तेच कॅलिबर घ्या, मग वाटलं तर ब्रेक लावा.

७ पीआरसी २०२२ ची. लांब, जड गोळ्यांसाठी नळीत ८ इंचांना एक पीळ, बेल्ट नाही, लांब पल्ल्याला सरस. तुमच्या ३०० यार्डांना त्यातलं काही लागत नाही. रेमिंग्टन मॅग्नमचा जुना साडेनऊ इंचांचा पीळ १६० ग्रेनला पुरून उरतो, आणि काडतुसं जुनी असल्यामुळे सहज मिळतात. डावखुऱ्याने आधी डावी रायफल कोणत्या कॅलिबरमध्ये खरंच बनते ते बघावं, मग स्वप्नं बघावीत.

न हाताळता मागवण्याबद्दल: उजवी टिक्का आणि उजवी एक्स-बोल्ट कुठेही बघायला मिळतील. शिकारीचं जाड जाकीट घालून जा. डोळे मिटून रायफल डाव्या खांद्याला लावा, मग डोळे उघडा. डोळा स्कोपच्या मधोमध आला तर दस्त्याची लांबी आणि उंची तुमची. बोल्ट उजवा असला तरी एवढं कळतं. गालाचा उंचवटा असलेलं मॉडेल मात्र या चाचणीला घेऊ नका, सपाट दस्त्याचंच घ्या. ऑर्डरवर डावी हा शब्द आणि मॉडेल क्रमांक दोन्ही लिहून घ्या. रायफल आली की ताब्यात घेण्याआधी डमी काडतुसांनी मॅगझिन भरून, खांद्याला लावलेल्या अवस्थेत, सगळी डमी बोल्टने आत-बाहेर करा. हळू करा, मग जोरात. मॅग्नमची लांब काडतुसं मॅगझिनच्या पुढच्या भिंतीला अडतात का, शेवटचं नीट वर येतं का, ते तिथेच दिसतं.