शोधप्रबंधाची प्रगती पानांत मोजावी का?

खानापूरची संशोधिका:
दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती अहवाल ठेवताना मला पहिला प्रश्न विचारला जातो तो म्हणजे किती पाने झाली. गेल्या सहामाहीत मी खानापूर तालुक्यातील जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून लिहून काढल्या. त्या कामात असे दिसले की जे शब्द मी कोकणी धरले होते त्यांतले बरेचसे कन्नड आहेत, म्हणून लिहून झालेले दुसरे प्रकरण मोडावे लागले. पाने घटली आणि शेरा आला, ‘प्रगती असमाधानकारक’. पुराव्याने गृहीतक बाद होणे ही प्रगती नव्हे काय?

बेळगावचे मार्गदर्शक:
मी सहमत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षे आहेत. पुढे २ वर्षांची मुदतवाढ, आणि स्त्री संशोधकांना आणखी २. ‘संकलन चालू आहे’ या एका वाक्यावर ही वर्षे निघून जाताना मी पाहिली आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते. शिवाय तुमचे प्रकरण मोडता आले, कारण ते लिहिलेले होते. डोक्यातली चूक कोणालाच दिसत नाही.

निपाणीचा इतिहास-संशोधक:
सरांचा शेवटचा मुद्दा मला पटतो, पण नुसती मोजणी कुठे नेते तेही पाहावे. २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध छापणे आणि दोन परिषदांत निबंध वाचणे सक्तीचे होते. त्यातून पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले, आणि २०२२ मध्ये ती सक्ती गेली. दुसरे असे की कामाचा वेग सारखा राहत नाही. मोडी कागद वाचताना सुरुवातीला एका पत्रावर माझा अख्खा दिवस जाई. हात बसल्यावर तेवढ्याच वेळात कितीतरी पत्रे होऊ लागली. पहिल्या वर्षाच्या वेगावरून सहाव्या वर्षाचा अंदाज बांधला असता तर माझा विषय तेव्हाच रद्द झाला असता.

खानापूरची संशोधिका:
सर, लेखन टाळण्याची मुभा मी मागत नाही. किती ओव्या लिहून झाल्या, कोणते गृहीतक टिकले, कोणते का सोडले, हे अहवालात पानांच्या आधी यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

बेळगावचे मार्गदर्शक:
तसे लिहा, मी समितीत वाचून दाखवीन. मात्र मोडलेले प्रकरण पुन्हा कधी उभे राहील, त्याची तारीखही त्याच कागदावर हवी.