फायर ब्रिगेडने नुसतं पाणी मारावं आणि घरी जावं?

बंबवाला_निवृत्त

परवा दुसऱ्या धाग्यावर 'सेफ्टीवाला' यांनी लिहिलं होतं, "केमिकल कंपनीत आग लागली की फायर ब्रिगेडने पाणी मारावं आणि घरी जावं. कारण शोधणं हे त्यांचं काम नाही, त्यांना त्यातलं कळतही नाही." तिथे उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

अठ्ठावीस वर्षं दलात काढली. शेवटची नऊ एमआयडीसीला खेटून असलेल्या केंद्रात. काय कळतं आणि काय कळत नाही, ते एका वर्दीवरून, म्हणजे आगीच्या कॉलवरून, सांगतो.

रात्री पावणेतीनला बर्फाच्या कारखान्याची वर्दी. अमोनिया. गाडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावली, बीए सेट (पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा मास्क) चढवून दोघं आत गेलो. कॉम्प्रेसरमागे तेल काढायची जागा असते. तिथे दोन व्हॉल्व. एक फिरवायचा, दुसरा स्प्रिंगचा, हात सोडला की आपोआप मिटणारा. तो दुसरा तारेने पीळ देऊन उघडा बांधून ठेवलेला. खाली पत्र्याचा डबा, अर्धा काळ्या तेलाने भरलेला. म्हणजे कुणीतरी तेल काढायला लावलं आणि चहाला गेलं, किंवा डुलकी लागली. मी पहिला व्हॉल्व बंद केला आणि फेरे मोजले. साडेतीन. तारेला हात लावला नाही. बाहेर आल्यावर वायरलेसवर सांगितलं, वहीत लिहिलं.

सकाळी पंचनामा झाला तेव्हा तार नव्हती, डबा नव्हता. मालक म्हणाला पाइप जुना होता. कागदावर आलं "पाइपलाइनमधील गळती". ऑपरेटर वाचला, त्याची नोकरी गेली. माझी वही कुणी मागितली नाही.

पहिली पंधरा मिनिटं आत फक्त आम्ही असतो. धूर कुठल्या रंगाचा, कुठला दरवाजा बाहेरून कडी लावलेला, कुठला व्हॉल्व किती उघडा, हे पाहिलेला दुसरा माणूस नसतो. आमचं पाहिलेलं सही घेऊन तपासाला जोडा, एवढंच म्हणणं आहे.

सेफ्टीवाला

माझंच नाव घेतलंत, तर येतो.

साहेब, तुम्ही फेरे मोजलेत, तुम्हाला दंडवत. पण तुमच्यासारखे किती? आमच्या प्लांटला क्लोरीनचा टोनर, म्हणजे टनाचा मोठा सिलिंडर, गळत होता. आमची माणसं किट घेऊन उभी, गळतीवर हूड (झाकण) बसवायचा तेवढा बाकी. गाडी आली, जवानाने थेट टोनरवर पाणी सोडलं. क्लोरीनमध्ये पाणी गेलं की ॲसिड होतं, भोक मोठं होतं, हे आमच्या कँटीनच्या पोऱ्यालाही माहीत आहे. सुईएवढ्या भोकाचं बोटाएवढं झालं. वर ते सगळं पाणी नाल्यात गेलं आणि प्रदूषण मंडळाची नोटीस आली आम्हाला. ब्रिगेडला नाही!

आणि कायदा काय म्हणायचा? 2025 च्या नोव्हेंबरपर्यंत लागू असलेला फॅक्टरी ॲक्ट, कलम 88. अपघातात माणूस दगावला तर महिन्याभरात चौकशी, आणि ती कारखाने निरीक्षकाने करायची असं त्यात होतं, म्हणजे आपल्याकडे डिशने (राज्याच्या औद्योगिक सुरक्षा खात्याने). स्फोटक पदार्थ असतील तर पेसो, म्हणजे केंद्राचं स्फोटकांचं खातं, येतं. नमुने कलिनाच्या सरकारी फॉरेन्सिक लॅबला जातात. यात बंब कुठे बसतो?

वायरमन_अण्णा

बंब कुठे बसतो ते मी सांगतो. शॉर्टसर्किटवर बसतो.

आग विझायच्या आत टीव्हीवर "प्राथमिक अंदाज शॉर्टसर्किट". गोदामात मेनस्विच बंद, रविवारचा दिवस, तरी शॉर्टसर्किट! तेहतीस वर्षं वायरिंग करतोय. वितळलेल्या तांब्याचा मणी दिसला की झालं, सापडलं कारण. अहो, आगीने इन्शुलेशन जळालं आणि लाइन चालू असली तरी तस्साच मणी होतो. तो आधीचा की नंतरचा हे बघायला मायक्रोस्कोप लागतो. टॉर्च मारून कळत नाही.

बिचारी वायर कोर्टात येऊन बोलत नाही ना, म्हणून तिच्यावर ढकलायचं.

बंबवाला_निवृत्त

@वायरमन_अण्णा, बरोबर आहे. मीसुद्धा लिहिलंय शॉर्टसर्किट, दोनदा तरी. फॉर्ममध्ये 'कारण' हा रकाना रिकामा ठेवता येत नाही आणि विम्यासाठी पार्टी दुसऱ्या दिवसापासून दाखला मागायला दारात उभी असते.

@सेफ्टीवाला, टोनरवर पाणी मारणाऱ्याची बाजू घेणार नाही. माझ्या हाताखाली असता तर त्याला तिथेच सोलला असता. पण गेटवर कुणी सांगितलं होतं का आत क्लोरीन आहे? आम्हाला गेटवर भेटतो वॉचमन. तो म्हणतो, "केमिकल हाय साहेब." कुठलं? "पांढरं हाय."

पोटॅशियम_पाटील

गेली बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी भर.

डोंबिवलीचंच बघा. 2024 च्या मे महिन्यात स्फोट झाला, दिवसभर सगळे "बॉयलर फुटला" म्हणत होते. मग कळलं की रिॲक्टर. बॉयलरमध्ये वाफेचा दाब असतो. रिॲक्टरमध्ये रसायनं असतात, ती एकदा तापत सुटली की स्वतःच स्वतःला तापवतात. दोन्हींचा तपास वेगळा. आधीचा 2016 चा स्फोटही डोंबिवलीचाच, तोही मे महिन्यातलाच. 12 जण गेले. त्याच्या चौकशी समितीच्या अहवालात प्रोपार्जिल क्लोराईड या रसायनाचं नाव आहे, आणि तो अहवाल लोकांपर्यंत पोचला माहितीचा अधिकार वापरल्यावर. सेफ्टीवाले तुमचं कलम 88 सांगतायत, म्हणून आठवण करून दिली.

ह्यूस्टनकर

आमच्याकडे यासाठी केमिकल सेफ्टी बोर्ड आहे. स्वतंत्र. दंड करत नाही, खटला भरत नाही, फक्त कारण शोधतं आणि अहवाल सगळ्यांसाठी खुला. भारतात असं काही होणं शक्यच नाही, कारण मानसिकता...

शंकासुर

आले! "आमच्याकडे" आले! पॉपकॉर्न कुणी आणलेत का?

पोटॅशियम_पाटील

ह्यूस्टनकर, तुमच्याच टेक्सासमधलं वेस्ट गाव. 17 एप्रिल 2013, खताच्या गोदामात आग लागून अमोनियम नायट्रेटचा स्फोट. 15 मेले, त्यातले बहुतेक आग विझवायला धावलेले. 2016 च्या जानेवारीत तुमच्या बोर्डाने सांगितलं की आग कशाने लागली ते नक्की ठरवता येत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात दुसऱ्या सरकारी खात्याने जाहीर केलं की आग मुद्दाम लावली होती. दोन सरकारी खाती, दोन उत्तरं. मानसिकता कुणाची म्हणायची?

ह्यूस्टनकर

मुद्दा तो नव्हता. आग कशाने लागली हे ठरलं नाही, पण स्फोट एवढा का झाला हे त्यांनी लिहिलंय. लाकडी गोदाम, लाकडी कप्पे, शेजारी वस्ती. आणि तो अहवाल मी घरबसल्या वाचला. डोंबिवलीचा वाचू शकलो नाही.

पोटॅशियम_पाटील

हं. हे मान्य. 'मानसिकता' मागे घ्या, मग पूर्ण मान्य.

गच्चीवरची_राणी

मध्येच विचारते, रागावू नका. वॉचमनचं "पांढरं हाय" वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा पाणी येतं. गच्चीवर दोन निळे ड्रम आहेत, भंगारवाल्याकडून घेतलेले. लेबल खरवडून काढलेलं होतं. तो म्हणाला, "ताई, साबणाचा ड्रम आहे." चार वर्षं भांड्याला आणि आंघोळीला तेच पाणी आहे. हे धोक्याचं आहे का?

वायरमन_अण्णा

ताई, आमच्या गावाकडे दर घरी हेच. दुष्काळात टँकर आला की रांगेत निळेच ड्रम. कुणी विचारत नाही आधी काय होतं. आमच्या वहिनी तर सरळ प्यायलाही वापरतात, म्हणतात तीनदा सर्फने धुतलाय.

सेफ्टीवाला

आता मला बोलूच द्या. रिकामे ड्रम भोकं पाडून, निकामी करूनच द्यायचे असा आमच्याकडे नियम आहे. पर्चेसवाला म्हणतो भोक पाडलं की भंगाराचा भाव पडतो! या भावावरून तीन वेळा भांडलोय. दोनदा हरलो.

बंबवाला_निवृत्त

आणि मग त्या भंगारवाल्याकडे आम्ही जातो. माझ्या नऊ वर्षांत कंपन्यांपेक्षा भंगाराच्या गोदामांच्या वर्द्या जास्त. लोखंडी ड्रम "रिकामा" असतो, आत सॉल्व्हंटची वाफ भरलेली असते. पोरगा वरचं झाकण गॅस कटरने कापायला घेतो. झाकण उडून पत्र्यातून आरपार गेलेलं पाहिलंय. पोराचं सांगत नाही. त्यात काय होतं हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. विकणाऱ्याचं नाव नाही, पावती नाही. तपास कसला डोंबलाचा करणार?

शंकासुर

धागा होता तपासाचा, पोचला गच्चीवर. तरी एक सांगतो, राणीताई, ड्रमच्या बुडाशी नाहीतर अंगावर उठावाचा नंबर असतो, 1एच1 असा काहीतरी. तो नेटवर टाका, आत काय होतं ते कळेल.

सेफ्टीवाला

चुकीची माहिती देऊ नका. तो नंबर ड्रमचा असतो, मालाचा नाही. 1एच1 म्हणजे प्लॅस्टिकचा, बंद तोंडाचा ड्रम, बस्स. पुढे एक्स, वाय, झेड असतं ते किती धोक्याच्या मालासाठी ड्रम पास झालाय ते सांगतं. माल कळायचा तर लेबल हवं, आणि लेबलच खरवडलंय. टँकरच्या पाटीवर 1203 दिसलं तर पेट्रोल आहे हे कळतं. ड्रमच्या बुडावरून नाही.

शंकासुर

चूक झाली. शेपूट घालून बसतो.

सेफ्टीवाला

राणीताई, खरवडलेल्या लेबलचा ड्रम पाण्याला वापरू नका. प्लॅस्टिक माल शोषून घेतं आणि हळूहळू सोडत राहतं, धुऊन जात नाही. खाद्यतेलाचा, लेबल शाबूत असलेला मिळाला तर बघा. नाहीतर नवी टाकी घ्या, महाग पडली तरी.

बंबवाला_निवृत्त

बघा, लेबल नसेल तर तुम्हालाही कळत नाही. आम्ही धुरात तेच शोधत असतो.

सेफ्टीवाला

साहेब, कुठून कुठे आणलंत! ठीक आहे. "घरी जावं" हे मागे घेतो, ते रागात लिहिलं होतं. नोटिशीचा राग होता. पण "कळत नाही" हे अर्धंच मागे घेतो. तुम्ही पाहिलेलं लिहा, सही करा, डिशच्या कागदांना जोडा, माझी हरकत नाही. कारण मात्र तुम्ही लिहायचं नाही. व्हॉल्व साडेतीन फेरे उघडा होता, इथे तुमचं पेन थांबलं पाहिजे.

बंबवाला_निवृत्त

मान्य. पण मग गेटवर आतल्या मालाची यादी आणि साठ्याचा नकाशा ठेवा. वॉचमनच्या खोलीत, कुलपाशिवाय. सेफ्टी ऑफिसरच्या कपाटात नको, तो रात्री पावणेतीनला नसतो.

सेफ्टीवाला

आमची यादी गेटवरच आहे.

बंबवाला_निवृत्त

कितव्या सालची?

सेफ्टीवाला

उद्या बघून सांगतो.

गच्चीवरची_राणी

एक ड्रम आत्ताच ओतून दिला. दुसऱ्यात उद्याच्या धुण्याचं पाणी आहे, तेवढं होऊ दे.