‘स्प्लिट डिसिजन’ म्हणजे ‘निसटता विजय’ का?

बॉक्सिंगच्या बातम्यांत ‘स्प्लिट डिसिजन’ला कुणी ‘निसटता विजय’ लिहितं, कुणी ‘बहुमताने विजय’. यातलं बरोबर कुठलं? आणि मग ‘मेजॉरिटी डिसिजन’ला काय म्हणायचं?

—

‘निसटता’ तर अजिबात नको. स्प्लिट म्हणजे तीन जजपैकी दोघांनी एकाला जिंकवलं आणि तिसऱ्याने दुसऱ्याला, बस एवढंच. फरक किती होता ते यातून कळतच नाही. 1987ची हॅगलर-लेनर्ड मॅच घ्या, बाराही राउंडच्या मार्कांची बेरीज एका जजने हॅगलरला 115-113 दिली, दुसऱ्याने लेनर्डला 115-113 आणि तिसऱ्याने लेनर्डला चक्क 118-110, म्हणजे बारापैकी दहा राउंड एकट्या लेनर्डचे! आता त्या तिसऱ्या जजच्या कार्डाला, म्हणजे मार्कांच्या कागदाला, निसटतं कसं म्हणणार? उलट तिन्ही जजनी एकालाच 115-113 दिलं तर ती ‘युनॅनिमस’, एकमताने, पण एक राउंड इकडचा तिकडे झाला की तेच कार्ड 114-114. खरी निसटती तर ही.

—

पण वाचणाऱ्याला मॅच चुरशीची झाली एवढं कळलं तर पुरे नाही का?

—

नाही ना, कारण सगळं भांडण तर त्या कार्डांवरूनच होतं. राउंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला बहुतेक वेळा 9, नॉकडाउन झाला, म्हणजे ठोसा खाऊन खाली पडला, तर बहुधा 8, मग थोडक्यात जिंकलेला राउंड पण 10-9 आणि धुऊन काढलेला पण बऱ्याचदा 10-9च. त्यामुळे आपण बघताना एक मॅच बघतो आणि कार्डावर दुसरीच दिसते. म्हणून आकडे द्या, विशेषण नको.

‘बहुमताने’ हा शब्द मी मेजॉरिटीसाठी राखून ठेवीन. तिथे दोन जज एकाच्या बाजूने आणि तिसऱ्याकडे बरोबरी असते, विरोधात कुणीच नसतं. 2018ची कानेलो-गोलोव्हकिन, 115-113, 115-113 कानेलोला आणि एक 114-114. स्प्लिटला सरळ ‘दोन विरुद्ध एक’ म्हणा, किंवा ‘जजची मतं फुटली’, कुणालाही कळेल.

—

आणि ड्रॉ? ‘अनिर्णित’ चालेल?

—

मला नाही पटत, अनिर्णित म्हटलं की क्रिकेटसारखं वेळ संपला म्हणून निकाल राहिला असं वाटतं. इथे बहुतेक वेळा ठरलेले सगळे राउंड झालेले असतात, मार्क पण दिलेले असतात. ‘बरोबरी’ बरं. पण तिथे पण जपून, 1999च्या लुइस-होलिफिल्डमध्ये एका जजने लुइसला 116-113 दिलं, एकाने होलिफिल्डला 115-113 आणि फक्त एकाने 115-115. तिघांतल्या एकालाच बरोबरी वाटली आणि निकाल मात्र बरोबरी. 2017ला कानेलो-गोलोव्हकिनच्या पहिल्या मॅचला पण तसंच, 118-110 कानेलो, 115-113 गोलोव्हकिन, 114-114. याला ‘स्प्लिट ड्रॉ’ म्हणतात, मराठीत मी तरी ‘तीन जज, तीन निकाल, म्हणून बरोबरी’ असं पूर्ण वाक्यच लिहीन.